कोडचा पत्ता कोणाच्या मालकीचा?

कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाचा जन्मच एका फसलेल्या निवडीतून झाला, हे कोड कुठे ठेवावा याविषयी बोलताना क्वचितच आठवले जाते. २००२ पासून लिनक्स कर्नेलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, विकास बिटकीपर या अशाच पण खासगी मालकीच्या प्रणालीत चालत होता. कर्नेलच्या विकासकांना ती विनामूल्य मिळत असे, पण मालक कंपनीच्या अटींवर, आणि त्या अटींवर तेव्हाही अनेकांनी आक्षेप घेतला होता. पुढे अँड्र्यू ट्रिजेल या विकासकाने बिटकीपरशी जुळेल असे स्वतंत्र साधन लिहायला घेतले, त्यावरून वाद पेटला आणि २००५ मध्ये कंपनीने विनामूल्य वापराची मुभा काढून घेतली. त्या एप्रिल महिन्यात लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट लिहिले आणि त्याच महिन्यात, त्याच कारणाने, मर्क्युरियल हे तसेच दुसरे साधनही जन्माला आले. दोन्ही साधनांच्या रचनेत या अनुभवाचा धडा मुरलेला आहे. प्रकल्पाचा संपूर्ण इतिहास प्रत्येकाच्या संगणकावर असावा आणि कोणा एकाच्या मर्जीवर काम थांबू नये, अशी ती रचना आहे.

म्हणूनच एखादा सॉफ्टवेअर समुदाय आपला सामायिक कोड गिटहब किंवा गिटलॅब अशा कोड ठेवण्याच्या आणि त्यावर चर्चा करण्याच्या ऑनलाइन मंचावर ठेवायचा की स्वतःच्या सर्व्हरवर, या चर्चेत कोणीतरी हमखास म्हणतो, की गिट विकेंद्रित आहे, कोड कुठेही ठेवा, उद्या उचलून दुसरीकडे नेता येईल. हे विधान कोडपुरते खरे आहे. समुदायापुरते ते खरे नाही, आणि ही निवड करताना होणाऱ्या बहुतेक चुका या दोन गोष्टींत फरक न केल्यामुळे होतात, असे माझे मत आहे.

गिटच्या रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या कोडसंग्रहात, काय असते? फायली, त्यांच्यातील प्रत्येक बदल, बदल करणाऱ्याचे नाव, तारीख आणि त्याने लिहिलेली टीप. जे नसते त्याची यादी याहून मोठी आहे. एखादी त्रुटी प्रथम कोणी कळवली, ती खरोखरच त्रुटी आहे की तसेच वागणे अपेक्षित आहे यावर काय वाद झाला, एखादा बदल तीनदा नाकारून चौथ्यांदा का स्वीकारला, कोणाला मुख्य शाखेत लिहिण्याचा अधिकार आहे, तयार आवृत्त्या कुठून उतरवायच्या, चाचण्या कशा चालतात, हे सारे गिटच्या बाहेर, मंचाच्या डेटाबेसमध्ये असते. दहा वर्षे चाललेल्या प्रकल्पात नव्या माणसाला खरी मदत याच गोष्टींची होते, कारण कोड काय करतो हे कोड वाचून कळते, पण तो तसा का लिहिला गेला हे जुन्या चर्चांतूनच कळते.

हा फरक किती खोल आहे, हे गिटलॅबच्या एका अपघाताने उघड्यावर आणले. ३१ जानेवारी २०१७ रोजी त्या कंपनीच्या एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसमधील सुमारे ३०० जीबी माहिती पुसून टाकली. बॅकअपच्या ज्या अनेक पद्धती कागदोपत्री चालू होत्या, त्यांपैकी कोणतीही वेळेवर उपयोगी पडली नाही आणि योगायोगाने सुमारे सहा तास आधी घेतलेल्या एका प्रतीवरून सेवा पुन्हा उभी करावी लागली. कंपनीने ही सारी दुरुस्ती लोकांसमोर थेट प्रक्षेपण करून केली, याचे मला आजही कौतुक वाटते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळेच आहे. त्या सहा तासांत कोणाच्याही रिपॉझिटरीला धक्का लागला नाही, मात्र त्या काळातले इश्यू (त्रुटींच्या नोंदी), मर्ज रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याच्या विनंत्या) आणि त्यांवरील प्रतिक्रिया कायमच्या गेल्या. कोडच्या हजारो प्रती जगभर विखुरलेल्या होत्या आणि चर्चेची प्रत एकाच ठिकाणी होती.

मंच बंद पडण्याची उदाहरणे तर इतकी आहेत की त्यांचे आश्चर्य वाटणेच थांबावे. गूगलने २००६ मध्ये सुरू केलेली गूगल कोड ही सेवा जानेवारी २०१६ मध्ये बंद केली. गिटोरियस २०१५ मध्ये गिटलॅबने विकत घेतले आणि काही महिन्यांत मिटवले. मायक्रोसॉफ्टचे कोडप्लेक्स डिसेंबर २०१७ मध्ये संपले. बिटबकेटची गोष्ट अधिक बोलकी आहे. २००८ मध्ये ही सेवा केवळ मर्क्युरियल वापरणाऱ्यांसाठी सुरू झाली, म्हणजे त्या समुदायाच्या बळावरच ती उभी राहिली, आणि जुलै २०२० मध्ये मर्क्युरियलचा आधारच तिने काढून घेतला. तिथल्या सार्वजनिक मर्क्युरियल रिपॉझिटरी आज वाचता येतात त्या सॉफ्टवेअर हेरिटेज या संग्रहाने वेळीच जतन केल्या म्हणून.

सोर्सफोर्ज या दुसऱ्या एका मंचाच्या बाबतीत तर मंच जिवंत राहूनही विश्वास मेला. गिम्प या चित्रसंपादकाच्या प्रकल्पाने तिथल्या फसव्या जाहिरातींना कंटाळून २०१३ मध्ये आपली विंडोज आवृत्ती तिथून काढून घेतली. २०१५ मध्ये असे आढळले की सोर्सफोर्जने ते सोडलेले खाते स्वतःकडे घेतले होते आणि गिम्पच्या इन्स्टॉलरला जाहिरातींचे वेष्टण लावून तो वाटला जात होता. पुढे मालकी बदलल्यावर ही प्रथा बंद झाली, हेही नोंदवले पाहिजे. तरीही, नाव आपले, काम आपले आणि पत्ता दुसऱ्याचा असला म्हणजे काय होऊ शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

पत्त्याचा हा मुद्दा मी मुद्दाम लांबवतो आहे, कारण निवडीच्या वेळी त्याकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते. गो या प्रोग्रॅमिंग भाषेत दुसऱ्या कोणाचे पॅकेज वापरायचे तर ते जिथे ठेवले आहे तो पत्ताच प्रोग्रॅमच्या आत लिहावा लागतो. गूगल कोड सोडायचे ठरले तेव्हा या भाषेच्या स्वतःच्या पूरक पॅकेजांनाही जुना पत्ता सोडावा लागला, आणि मग त्यांनी गिटहबचा पत्ता न घेता स्वतःच्या गोलँग या डोमेनचा पत्ता घेतला. आता त्यांचा कोड उद्या कुठेही हलवला तरी वापरणाऱ्याला एक ओळही बदलावी लागणार नाही. इतर भाषांत पत्ता कोडमध्ये नसला तरी दस्तऐवजांत, पॅकेजच्या माहितीत, पाठ्यपुस्तकांत आणि लोकांच्या सवयीत असतोच. डोमेनचा वार्षिक खर्च बहुधा एका जेवणाच्या बिलाएवढा असतो. तो न करता प्रकल्पाचा कायमचा पत्ता दुसऱ्याच्या नावावर ठेवणे हा निष्काळजीपणा आहे, असे मी स्पष्टच म्हणेन.

मंच ज्या देशात आहे त्या देशाचा कायदा आणि आपण ज्या देशात आहोत तिथले सरकार, या दोघांचाही हात त्या पत्त्यापर्यंत पोहोचतो. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांचे पालन म्हणून गिटहबने इराण, सीरिया आणि क्रिमिया येथील विकासकांच्या खासगी रिपॉझिटरी आणि सशुल्क सेवा बंद केल्या. इराणपुरता परवाना मिळून ती सेवा पूर्ववत व्हायला जानेवारी २०२१ उजाडला. हे आपल्यापासून दूरचे वाटत असेल तर डिसेंबर २०१४ आठवावा. दूरसंचार विभागाने ३२ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला होता आणि त्यात गिटहबचेही नाव होते. दहशतवादी संघटनेचा मजकूर तिथे पसरवला जात असल्याच्या कारणावरून मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या तक्रारीनंतर ही कारवाई झाली होती. वर्षाच्या अखेरीस काही सेवापुरवठादारांच्या ग्राहकांना गिटहब उघडेना. बंदी लवकरच मागे घेतली गेली, पण ज्यांचा कोड, चर्चा आणि पत्ता हे तिन्ही तिथेच होते त्यांना त्या दिवसांत वाट पाहण्यापलीकडे काहीच करता येण्याजोगे नव्हते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, की मग सरळ स्वतःचा सर्व्हर घ्यावा. मी हा सल्ला सरसकट देत नाही, आणि त्याचे कारण पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या इतिहासात आहे. पीएचपीचा मुख्य कोड त्या समुदायाच्या स्वतःच्या गिट सर्व्हरवर असे. २८ मार्च २०२१ रोजी तिथे दोन बदल जमा झाले, एक भाषेचे जनक रासमुस लर्डॉर्फ यांच्या नावाने आणि दुसरा तिचे एक प्रमुख विकासक निकिता पोपॉव्ह यांच्या नावाने. दोघांपैकी कोणीही ते केले नव्हते. बदलांच्या टिपेत किरकोळ टंकलेखनाची दुरुस्ती असे लिहिले होते आणि आत मात्र बाहेरच्या माणसाला सर्व्हरवर हवा तो कोड चालवू देणारे चोरदार होते. परीक्षणात ते काही तासांत पकडले गेले म्हणून अनर्थ टळला. त्यानंतर समुदायाने जाहीर केले की स्वतःची गिट यंत्रणा सांभाळणे ही सुरक्षेची अनाठायी जोखीम आहे आणि यापुढे गिटहबवरील प्रत हीच मुख्य प्रत मानली जाईल.

सर्व्हर विकत घेणे सोपे असते आणि त्याची राखण करणे अवघड. राखण करणारा माणूस बहुधा स्वयंसेवक असतो, त्याची नोकरी बदलते, घरात आजारपण येते, आणि सुरक्षेची दुरुस्ती मात्र त्याच आठवड्यात लावायची असते. गेल्या काही वर्षांत यात नवा भार पडला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपांसाठी मजकूर गोळा करणारे स्वयंचलित प्रोग्रॅम खुल्या गिट सर्व्हरांवर इतक्या वेगाने तुटून पडतात, की २०२५ मध्ये लिनक्ससाठी डेस्कटॉप बनवणाऱ्या ग्नोम प्रकल्पाला स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या गिटलॅबपुढे अनुबिस नावाचा अडसर उभा करावा लागला. ग्नोमकडे प्रतिष्ठान आहे, पगारी व्यवस्थापक आहेत. पाच जणांच्या समुदायाने हे कसे पेलायचे?

पीएचपीच्या प्रसंगातली आणखी एक गोष्ट मात्र नजरेआड होऊ नये. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला आपले मुख्य ठिकाण तत्काळ बदलता आले, कारण दुसरीकडे अद्ययावत प्रत आधीपासून तयार होती. स्वतःच्या सर्व्हरवरून गिटहबकडे जाताना जी तयारी कामी आली, तीच तयारी उलट दिशेने जातानाही कामी येते. मी ज्या निकषाचा आग्रह धरतो तो हाच आहे: ही जागा सोडायची वेळ आली तर समुदायाबरोबर काय जाईल आणि काय मागे राहील.

या निकषावर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या समुदायाचा निर्णय तपासण्यासारखा आहे, कारण इतक्या उघडपणे ही निवड फार थोड्यांनी केली आहे. पायथनचा कोड २०११ पासून त्यांच्या स्वतःच्या मर्क्युरियल सर्व्हरवर होता. २०१४ ते २०१५ या काळात तीन लेखी प्रस्ताव पुढे आले. निक कॉघलन यांचे म्हणणे, पायथनमध्येच लिहिलेले कॅलिथिया हे मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या डोमेनवर चालवावे. डोनाल्ड स्टफ्ट यांनी गिट आणि गिटहबकडे जाण्याची बाजू मांडली, आणि बॅरी वॉर्सा यांनी गिटलॅबची. १ जानेवारी २०१६ रोजी पायथनचे विकासक ब्रेट कॅनन यांनी गिटहबच्या बाजूने निर्णय जाहीर केला. कारणे त्यांनी मोकळेपणाने दिली होती: गिटहब आणि गिटलॅब या दोन्ही मंचांत निर्णायक ठरेल असे वेगळेपण नाही, बहुतेक विकासकांना आणि बाहेरून येणाऱ्या योगदानकर्त्यांना गिटहबची सवय आहे, आणि भाषेचे जनक गीडो व्हान रॉसम यांची पसंतीही तीच आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये स्थलांतर झाले.

या निर्णयाला केवळ सोयीपुढील शरणागती म्हणणे अन्यायाचे होईल. पायथनपुढची खरी अडचण कोड ठेवायच्या जागेची नव्हती. लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या परीक्षणावाचून पडून राहत होत्या आणि परीक्षण करणारे मोजकेच होते. जिथे नवा माणूस आधीच खाते उघडून बसला आहे तिथे गेल्याने त्याचा पहिला बदल पाठवण्याचा त्रास वाचतो, आणि पहिला बदल पाठवणाऱ्यांतूनच उद्याचे परीक्षक तयार होतात. शिवाय त्या वेळी समुदायाने त्रुटींची नोंदवही मात्र स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवली होती. कोड भाड्याच्या घरात गेला, स्मृती स्वतःच्या घरात राहिली. माझ्या मते ती विभागणी शहाणपणाची होती. एप्रिल २०२२ मध्ये मात्र ती नोंदवहीही गिटहबवर गेली. जुने पान वाचण्यापुरते टिकवले आहे, ही त्यातली चांगली बाजू. पण पूर्वी प्रत्येक बदलाच्या टिपेत नोंदीच्या क्रमांकाआधी स्वतःच्या नोंदवहीची आद्याक्षरे लिहिली जात आणि आता त्या जागी गिटहबची आद्याक्षरे येतात. एका कंपनीचे नाव पायथनच्या इतिहासाच्या ओळीओळीत कोरले जाते आहे, आणि उद्या मंच बदलला तरी ते क्रमांक त्या कंपनीच्या डेटाबेसकडेच बोट दाखवत राहतील. इथे पायथनने निष्कारण जास्त दिले, असे मला वाटते.

याउलट ग्नोम आणि डेबियन (लिनक्सवर आधारलेली एक संगणक प्रणाली) यांनी निवड करण्यापूर्वी घासाघीस केली. दोघांनाही गिटलॅबची मुक्त आवृत्ती स्वतःच्या सर्व्हरवर हवी होती, पण गिटलॅबला योगदान देणाऱ्याने कंपनीशी परवाना करार केला पाहिजे ही अट त्यांना मान्य नव्हती. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने ती अट काढली आणि त्याऐवजी लिनक्स कर्नेलमध्ये रूढ असलेले साधे हमीपत्र स्वीकारले. त्यानंतर २०१८ मध्ये ग्नोम गिटलॅबवर गेले आणि डेबियननेही आपल्या जुन्या अलिओथऐवजी साल्सा हे गिटलॅबवर आधारलेले ठिकाण सुरू केले. समुदायाजवळ पैसा नसतो, पण त्याचे येणे हीच मंचासाठी मोलाची वस्तू असते, आणि ते मोल आत शिरण्यापूर्वीच वसूल करता येते. एकदा सारे सामान आत नेल्यावर घरमालकाशी कोणत्या जोरावर बोलायचे?

लहान समुदायांसाठी या दोन टोकांच्या मधला मार्ग आज पूर्वीपेक्षा रुंद झाला आहे. बर्लिनमधील कोडबर्ग ही सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालणारी नोंदणीकृत ना-नफा संस्था मुक्त प्रकल्पांना जागा देते. ती ज्या फोर्जेयो या सॉफ्टवेअरवर चालते, त्याचा उगमही अशाच वादात आहे. २०२२ मध्ये गिटी या मुक्त प्रकल्पाचे नाव आणि डोमेन एका कंपनीकडे गेल्याचे सभासदांना नंतर कळले, तेव्हा त्यांतील काहींनी वेगळी शाखा काढली आणि तिला एस्पेरांतो भाषेतील लोहाराच्या भट्टीचे नाव दिले. फेडोरा या लिनक्सवर आधारलेल्या प्रणालीच्या समुदायानेही आपली जुनी पॅग्युर ही व्यवस्था सोडताना गिटलॅब आणि फोर्जेयो यांची तुलना करून डिसेंबर २०२४ मध्ये फोर्जेयोची निवड केली.

फेडोराचा हा बदल मराठी वाचणाऱ्याला परका वाटू नये. लिनक्सवर अनेक वर्षे देवनागरी ज्या लोहित फाँटमध्ये दिसत आली, तो मुळात पुण्यातील एका कंपनीने घडवला आणि पुढे त्याची देखभाल रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुण्यातील मंडळींनी केली. या फाँटचे काम आधी फेडोराहोस्टेड या ठिकाणी चाले. ते ठिकाण २०१७ मध्ये बंद झाले, फाँटला नंतर पॅग्युरवर जागा मिळाली, आणि आता फेडोरा पॅग्युरही सोडून निघाला आहे. दोन्ही वेळा कोड सुखरूप जातो. पण एखादे जोडाक्षर अमुक पद्धतीने का काढले, मराठी 'ल' आणि 'श' यांची रूपे हिंदीपेक्षा वेगळी ठेवण्यासाठी काय करावे लागले, अशा प्रश्नांची चर्चा नेमकी कोडबाहेरच्या त्या नोंदींत असते. आपल्या भाषेचे फाँट, शब्दसंग्रह, शुद्धलेखन तपासणारी साधने यांवर काम करणारे गट इतके लहान असतात, की ती चर्चा आठवणारी माणसे दोन-तीनच असतात. त्यांच्यासाठी नोंदी हरवणे म्हणजे ज्ञानच हरवणे होय.

अशा गटांना मी गिटहब वापरू नका असे सांगणार नाही. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ७.५ अब्ज डॉलरला ते विकत घ्यायचे ठरवले तेव्हा अनेकांनी लगेच स्थलांतर केले, आणि २०२२ मध्ये कोपायलटच्या, म्हणजे कोड सुचवणाऱ्या गिटहबच्या कृत्रिम बुद्धिमत्ता साधनाच्या, प्रश्नावर सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने गिटहब सोडण्याचे आवाहन केले. परवान्याच्या अटींचा आदर न करता कोड यंत्राच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याविषयीचा तिचा आक्षेप मला रास्त वाटतो. तरी खुला कोड दुसरीकडे नेल्याने तो वापर थांबतो असे नाही, हेही मान्य करायला हवे. जिथे माणसे आहेत तिथे जाणे हा लहान गटाचा हक्क आहे. माझी मागणी एवढीच आहे की जाताना काही अटी स्वतःवर घालून घ्याव्यात. खाते एका व्यक्तीच्या नावावर नसावे, गटाच्या नावावर असावे आणि त्याच्या चाव्या किमान तिघांकडे असाव्यात. लोकांना सांगायचा पत्ता स्वतःच्या डोमेनचा असावा. त्रुटींना बदलाच्या टिपेत क्रमांकाने उल्लेखताना, काय बिघडले होते आणि का बदलले, हे दोन वाक्यांत त्याच टिपेत लिहावे, कारण टीप गिटबरोबर येते आणि क्रमांक येत नाही. इश्यू आणि चर्चा ठरावीक काळाने उतरवून त्यांची प्रत दुसऱ्या संस्थेकडे ठेवावी.

आणि वर्षातून एकदा, कोणतेही संकट नसताना, गटातील एकाने ती प्रत घेऊन दुसऱ्या मंचावर प्रकल्प उभा करून पाहावा. फोर्जेयो आणि गिटलॅब या दोन्हींत गिटहबवरून इश्यू, प्रतिक्रिया आणि पुल रिक्वेस्ट (मर्ज रिक्वेस्टचेच गिटहबवरील नाव) आणण्याची सोय आहे, त्यामुळे लहान प्रकल्पाला हे एका शनिवारचे काम आहे. मागे काय राहिले याची जी यादी त्या संध्याकाळी तयार होईल, ती घेऊन मंचाच्या निवडीची पुढची बैठक बोलवावी.